तुरीचं खत: शेणखत, सुपर फॉस्फेट आणि मुळावरच्या गाठी यांचा मेळ कसा घालायचा

एक एकर तुरीला साधारण २० किलो स्फुरद (फॉस्फरस) लागतं. ते निव्वळ शेणखतातून द्यायचं म्हटलं तर हिशोब करून बघा. चांगल्या शेणखतातही स्फुरद ०.२ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे २० किलोसाठी १० टन शेणखत. बैलगाडीत अर्धा टन धरला तर एका एकराला वीस गाड्या. आज मराठवाड्यात आणि विदर्भात किती गोठ्यांत एवढं शेण निघतं? दुसरीकडे, दरवर्षी नुसती डीएपीची, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद देणाऱ्या रासायनिक खताची, पिशवी रिकामी करत राहिलं तरी भागत नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्या पिशवीतल्या स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशी बांधला जातो. तो जमिनीत असतो, माती परीक्षणात कधीकधी दिसतोही, पण मुळाला मिळत नाही.

म्हणून दोन्ही लागतात. पण ‘निम्मं सेंद्रिय, निम्मं रासायनिक’ असं वजन करून मेळ बसत नाही, प्रत्येकाला त्याचं काम द्यावं लागतं. शेणखताचं काम जमीन भुसभुशीत ठेवण्याचं, ओल धरण्याचं आणि स्फुरद मोकळं राखण्याचं. सुपर फॉस्फेटचं काम स्फुरद, गंधक आणि कॅल्शियम पुरवण्याचं. नत्राचं काम मुळावरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र बांधणाऱ्या रायझोबियम जिवाणूंचं. युरियाला या पिकात फक्त सुरुवातीचे तीन-चार आठवडे जागा आहे, गाठी तयार होऊन कामाला लागेपर्यंत. डाळवर्गीय पिकाच्या खताचं सगळं गणित या वाटणीवर उभं आहे आणि ती वाटणी चुकली की महागडं खतही वाया जातं.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. जबलपूरला काळ्या जमिनीत सोयाबीन-गहू पिकांवर १९७२ पासून आणि अकोल्याला ज्वारी-गव्हावर १९८८ पासून दीर्घ मुदतीचे खत प्रयोग चालू आहेत. दोन्हीकडे वर्षानुवर्षं तेच दिसलं आहे: नुसतं नत्र दिलेल्या वाफ्यांत उत्पादन मागे पडतं आणि शिफारशीची रासायनिक खतं व शेणखत दोन्ही दिलेल्या वाफ्यांत उत्पादन आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही टिकतात.

पुढची सगळी मांडणी एक एकर कोरडवाहू तुरीसाठी, काळ्या जमिनीसाठी केली आहे. सोयाबीन, मूग-उडीद, हरभरा आणि कोकणातल्या जमिनी यांच्यासाठी काय बदलायचं ते नंतर येईल.

एप्रिल-मे: माती आधी, खत नंतर

मातीचा नमुना पीक निघाल्यावर, खत पडायच्या आधी घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून वीत-सव्वावीत खोल व्ही आकाराचा खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्यायची. बांधाजवळ, झाडाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी, पायवाटेवर नमुना घेऊ नका. सगळी माती घमेल्यात एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. ती कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत भरलेला नमुना म्हणजे पैसे देऊन चुकीचा अहवाल घेणं.

अहवालात तुरीसाठी पाच गोष्टी बघा: सामू (आम्ल-विम्लता), सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद, मुक्त चुन्याचं प्रमाण आणि जस्त-लोह-गंधक. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याखाली असेल तर जमीन कर्बाने गरीब आहे असं समजायचं आणि आपल्याकडच्या बहुतेक कोरडवाहू शेतांचा अहवाल असाच येतो. स्फुरद कमी दाखवलं तर शिफारशीपेक्षा पाव हिस्सा वाढवा, भरपूर दाखवलं तर पाव हिस्सा कमी करा.

आता शेणखत. एकरी २ टन, म्हणजे चारेक गाड्या, ही तुरीची नेहमीची शिफारस. पण ते कुजलेलंच हवं. मुठीत घेतल्यावर काळपट, भुरभुरीत, मातीसारखा वास येणारं आणि ढिगात हात घातला तर गरम न लागणारं. अर्धकच्चं शेणखत जमिनीत गेलं की कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. शिवाय त्यातून हुमणी आणि तणाचं बी फुकट मिळतं.

एक चूक गावोगाव दिसते. मे महिन्यात शेतात शेणखताचे लहान लहान ढीग टाकायचे आणि पाऊस येईपर्यंत तसेच ठेवायचे. उन्हात त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि पाऊस आला की ढिगाखालच्याच जमिनीत सगळा अर्क मुरतो, मग त्या जागी तूर कमरेएवढी आणि मधे गुडघ्याएवढी. ज्या दिवशी पसरायचं त्याच दिवशी वखराने मातीत मिसळा, नाहीतर ढीग उकिरड्यातच झाकून ठेवा.

शेणखत कमी असेल तर: समृद्ध खताचा ढीग

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण २ टन शेणखत मिळत नाही हीच बहुतेकांची अडचण आहे. थोडं शेणखत आणि सुपर फॉस्फेट आधीच एकत्र मुरवून ओळीत द्यायचं, हा त्यावरचा उपाय. तमिळनाडू कृषी विद्यापीठ कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी ७५० किलो शेणखत अशा रीतीने समृद्ध करून द्यायची शिफारस करतं. एकराला ते ३०० किलो होतं. एवढं तर एक म्हैस असलेल्या घरातही निघतं.

पेरणीच्या महिनाभर आधी, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात, झाडाच्या सावलीत किंवा गोठ्याच्या पडवीत जागा करा. ३०० किलो कुजलेलं शेणखत चाळून घ्या. खाली वीतभर थर, त्यावर दाणेदार किंवा भुकटी सुपर फॉस्फेट पसरायचं, पुन्हा शेणखत, असं करत १२५ किलो, म्हणजे अडीच पिशव्या सुपर फॉस्फेट संपवायचं. मग फावड्याने दोनदा उलटंपालटं करून पाणी शिंपडायचं. ओल किती? मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ढीग ओल्या गोणपाटाने झाकायचा, आठवड्यातून एकदा परतायचा आणि सुकल्यासारखा वाटला तर शिंपडायचं. शेवटच्या आठवड्यात स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) दोन किलो आणि ट्रायकोडर्मा दोन किलो मिसळा. ट्रायकोडर्मा मर रोगाच्या बुरशीला आळा घालतो, आणि तुरीत मर हाच जुना वैरी आहे.

यातून होतं काय? सुपर फॉस्फेटचा दाणा थेट चुनखडीच्या मातीत पडला तर त्याच्या भोवती कॅल्शियम लगेच स्फुरद पकडतं. शेणखतात मुरलेल्या स्फुरदाभोवती सेंद्रिय पदार्थाचं आवरण असतं, कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं कॅल्शियमला धरून ठेवतात आणि स्फुरद मुळाजवळ जास्त दिवस मोकळं राहतं.

या ढिगात युरिया घालू नका, नत्र उडून जाईल. जस्ताची कमतरता अहवालात असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट द्यायचं, तेही या ढिगात नाही. वेगळ्या पाटीभर शेणखतात मिसळून शेतात फोकायचं, दोन-तीन वर्षांतून एकदा. जस्त आणि स्फुरद एकत्र आले की एकमेकांना अडकवतात. डीएपीच्या पिशवीत झिंक सल्फेट मिसळून पेरणारे बरेच आहेत, त्यांचं दोन्ही वाया जातं.

पिशव्यांचा हिशोब

तुरीची शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद, म्हणजे एकरी १० आणि २०. पालाश (पोटॅश) अहवालात कमी असेल तरच एकरी १२ किलो.

पहिला मार्ग: सुपर फॉस्फेट १२५ किलो (ढिगात मुरवलं असेल तर तेच, पुन्हा वेगळं नाही) आणि युरिया २२ किलो, म्हणजे ४५ किलोच्या पिशवीतला साधारण अर्धा. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आहे, त्यामुळे २० किलो बरोबर मिळतं. शिवाय ११ टक्के गंधक आहे, म्हणजे एकरी पावणेचौदा किलो गंधक वेगळा पैसा न देता. डाळीतली प्रथिनं तयार व्हायला गंधक लागतोच.

दुसरा मार्ग: डीएपी एक पिशवी, ५० किलो. ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद. वाहतूक सोपी, पण गंधक नाही. मग ९० टक्के गंधक असलेलं दाणेदार खत एकरी ९ किलो वेगळं द्यावं लागतं.

पालाश हवं असेल तर दोन्ही मार्गांत म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो.

माझं मत पहिल्या मार्गाच्या बाजूने स्पष्ट आहे, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत आणि शेणखताच्या ढिगासोबत. डीएपीसाठी कृषी सेवा केंद्रापुढे रांग लावण्यापेक्षा सुपर फॉस्फेट वेळेत घरी आणून मुरत घातलेलं बरं. फक्त एक पथ्य: युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या रात्री एकत्र करून ठेवू नका, ओलं होऊन चिकटतं आणि चाड्यातून पडत नाही. पेरणीच्या वेळीच मिसळा.

२ टन शेणखत दिलंय म्हणून रासायनिक स्फुरद बंद करायचा मोह होतो. त्या दोन टनांत ४ किलोच्या आसपास स्फुरद आहे आणि तेही एका हंगामात सगळं मिळत नाही. कपात करायची ती माती परीक्षण बघून. जीवामृत देत असाल तर जरूर द्या, जिवाणूंसाठी चांगलं आहे, पण त्याला खताच्या हिशोबात धरू नका. २०० लिटर पातळ द्रावणातून पिकाला लागणारं २० किलो स्फुरद येऊ शकत नाही.

जून: बीजप्रक्रिया

क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. उलटं केलं तर औषध जिवाणूंना मारतं.

पाकिटावर पिकाचं नाव बघूनच रायझोबियम घ्या. तूर, मूग, उडीद, चवळी यांना एकाच गटाचं चालतं. सोयाबीनचं वेगळं, हरभऱ्याचं आणखी वेगळं. हरभऱ्याचं उरलेलं पाकीट तुरीला लावून काहीही उपयोग नाही. तारीख उलटलेलं किंवा दुकानाच्या पत्र्याखाली तापलेलं पाकीट घेऊ नका. त्यात जिवाणू मेलेले असतात आणि वरून ते कळत नाही.

प्रमाण: भुकटी असेल तर किलोला २५ ग्रॅम रायझोबियम आणि २५ ग्रॅम पीएसबी, द्रवरूप असेल तर किलोला १० मिली. पाच किलो बियाण्यासाठी पाव लिटर पाण्यात मूठभर गूळ उकळून पूर्ण थंड करा. कोमट गुळवणीही नको. बी गोणपाटावर पसरून गुळवणी शिंपडा, भुकटी टाका आणि हलक्या हाताने चोळा. तुरीची साल पटकन निघते. प्रत्येक दाण्यावर काळसर लेप दिसला पाहिजे. सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवून त्याच दिवशी पेरा. विकतच्या बियाण्याला आधीच बुरशीनाशक लावलेलं असतं, तिथे रायझोबियमचं प्रमाण दुप्पट करा.

सोयाबीन-तूर आंतरपीक असेल तर दोन्ही बियाण्यांची प्रक्रिया वेगवेगळ्या गोणपाटावर, ज्याच्या त्याच्या पाकिटाने.

पेरणी: खत पडतं कुठे, यावर निम्मं फळ

स्फुरद जमिनीत जागचं हलत नाही. फोकून दिलेलं वरच्या दोन बोटांत राहतं, ती माती आठ दिवसांच्या उघडिपीत सुकते आणि खालच्या मुळाला काही मिळत नाही. म्हणून खत बियाण्याच्या शेजारी दोन इंच आणि खाली दोन इंच पडलं पाहिजे. दोन चाड्यांची पाभर किंवा खताची पेटी असलेलं ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र यासाठीच आहे. पेरायच्या आधी पाच-सात फूट तास उकरून बघा: खत आणि बी एकत्र पडत असेल तर फण नीट करून घ्या. सुपर फॉस्फेटची आम्लता बियाण्यावरचे जिवाणू मारते आणि डीएपीतून निघणारा अमोनिया कोंब जाळतो.

समृद्ध खत यंत्राच्या पेटीतून नीट उतरत नाही. तुरीच्या ओळी दूर असतात, त्यामुळे आधी ओळी पाडून, हाताने ओळीत खत सोडून, वर बोटभर माती ओढून मग बी टोकायचं. मजुरी लागते, हे मान्य. पण टोकण केलेल्या तुरीला बियाणंही अर्ध्याहून कमी लागतं.

दर काही ओळींनंतर पाण्याच्या निचऱ्याची मोकळी सरी ठेवाच. गाठींना हवा लागते. काळ्या जमिनीत तीन दिवस पाणी साचलं की गाठी कुजतात.

जुलै-ऑगस्ट: गाठ कापून बघा

पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक झाड काढा. उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. फावड्याने झाडाभोवतीचा मातीचा गड्डा तसाच उचलून बादलीभर पाण्यात बुडवा, माती आपोआप सुटते. मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. चार-पाच गाठी नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठ नत्र बांधते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आतून पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ आहे, पण काम नाही.

मुळाला गुलाबी गाठी भरपूर दिसल्या तर जुलैत कोणी कितीही म्हटलं तरी युरिया टाकू नका. जमिनीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठींना अन्न देणं कमी करतं. तूर हिरवीगार दिसते, वाढतेही, पण शेंगांऐवजी पाला वाढतो.

पिवळेपणा आला तर आधी पान बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पानं एकसारखी पिवळी असतील तर गंधक. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह, चुनखडीच्या जमिनीत झडीच्या पावसानंतर हे हमखास होतं. त्यावर फेरस सल्फेट १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल १० ग्रॅम, अशी फवारणी. लोहाच्या पिवळेपणावर युरिया टाकून रंग येत नाही, आणि हे आपल्याकडे सर्रास होतं. पाणी साचल्याने पिवळं पडलं असेल तर सरी मोकळी करा, वापसा (मशागतीजोगी ओल) येताच डवरणी (ओळींमधली हलकी कोळपणी) द्या. हवा गेली की पीक सावरतं. गाठीच नसतील आणि जुनी पानं पिवळी असतील तर २ टक्के युरियाची फवारणी करा.

फुलोरा ते शेंगा

फुलं लागली की गाठी थकायला लागतात, झाडाचं अन्न शेंगांकडे जातं. याच वेळी जमिनीतली ओलही कमी असते, म्हणून खत पानावाटे द्यायचं. फुलोऱ्यात २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम. पंधरा दिवसांनी शेंगा लागताना २ टक्के डीएपी: २०० ग्रॅम डीएपी रात्री थोड्या पाण्यात भिजवायचं, सकाळी वरची निवळी फडक्यातून गाळून १० लिटर करायची. गाळ पंपात गेला तर नोझल तुंबतं.

इतर पिकांत काय बदलायचं

सोयाबीनला हेक्टरी ३०:६०:३० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) आणि गंधक २० किलो: एकरी सुपर फॉस्फेट तीन पिशव्या, युरिया २६ किलो, पोटॅश २० किलो. सोयाबीनचा बेवड (पुढच्या पिकासाठी मागे राहणारा कस) चांगला म्हणतात, पण दाण्यातून नत्र इतकं बाहेर जातं की जमिनीत फारसं उरत नाही. मळणीच्या जागी पडलेलं भुसकट तरी शेतात परत न्या.

मूग-उडदाला हेक्टरी २०:४०, म्हणजे एकरी दोन पिशव्या सुपर फॉस्फेट आणि १८ किलोच्या आत युरिया.

हरभरा सोयाबीनच्या मागोमाग येतो, शेणखत द्यायला सवड नसते. ते खरिपातच द्या, हरभऱ्याला त्याचाच उरलेला फायदा मिळतो. नत्र वाढवलं तर हरभरा माजतो आणि लोळतो. काढताना उपटू नका, विळ्याने कापा, म्हणजे मुळं आणि गाठी जमिनीत राहतील.

कोकणात गणित बदलतं. तिथल्या आम्लधर्मी जांभ्याच्या जमिनीत स्फुरद चुन्याशी नाही, लोह आणि अॅल्युमिनियमशी बांधलं जातं. भातानंतरच्या वालाला तिथे स्वस्तातलं रॉक फॉस्फेट शेणखतासोबत चालतं. काळ्या जमिनीत तेच रॉक फॉस्फेट विरघळत नाही, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात कोणी विकायला आणलं तर घेऊ नका. तुरीची मुळं लोहाशी बांधलेलं स्फुरद सोडवणारं आम्ल सोडतात, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. हा गुण लाल जमिनीत उपयोगी पडतो. चुनखडीच्या जमिनीत त्यावर विसंबता येत नाही.

काढणीनंतर

तुरीची पानगळ हंगामभर जमिनीवर साचते, मुळं खोलवर कुजतात. म्हणून तुरीचा बेवड खरा. पाला जाळू नका, वखराने मातीत मिसळा. झाड जमिनीलगत कापा. तुराट्या चुलीला लागतात हे खरं, पण शेंड्याकडचा बारीक भाग आणि शेंगांची टरफलं उकिरड्यात टाका, पुढच्या मेमधल्या ढिगाला तीच उपयोगी पडतील.

मर लागलेली झाडं मात्र उकिरड्यात नकोत. ती मुळासकट उपटून शेताबाहेर जाळा. मरीची बुरशी अवशेषांवर दोन-तीन वर्षं जगते. तेवढी वर्षं त्या तुकड्यात ज्वारी घ्या आणि तूर शेजारच्या रानात हलवा.